याप्य

आपल्या प्राचीन वैद्यांनी रोगांची जी वर्गवारी लावली आहे, तीत साध्य आणि असाध्य या दोन टोकांच्या मध्ये 'याप्य' म्हणून एक वर्ग सांगितला आहे. जो रोग समूळ जात नाही, परंतु उपचार चालू आहेत तोवर रोग्यास जगू देतो आणि उपचार सुटले की पुन्हा उचल खातो, तो याप्य. कोसळू पाहणाऱ्या घराला नेमक्या जागी टेकू द्यावा, तशी या उपचाराची उपमा सुश्रुताने दिली आहे. साध्य-असाध्य ही जोडी आपल्या नित्याच्या बोलण्यात आली. मधला शब्द मात्र पोथीतच राहिला. शब्द नाहीसा झाला म्हणजे त्याने सुचविलेले कर्तव्यही नजरेआड होते की काय, असा प्रश्न मला पुष्कळ दिवस पडत आला आहे. आणि तो हत्तीरोगाच्या संबंधाने विचारला असता फार उघडा होतो, असे वाटते.

चांद्याकडे आमच्या आळीत एक काकू राहत. त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली सुजून खांबासारखा झाला होता आणि घोट्याशी एक जखम वर्षानुवर्षे वाहत असे. हळदीकुंकवाला त्या कधी गेल्या नाहीत. दारी कोणी आले तर लुगड्याचा घोळ पायावर ओढून बसत. महिन्या-दोन महिन्यांनी त्यांना हुडहुडी भरून ताप येई, पाय लाल होऊन ठणके, आणि प्रत्येक तापानंतर सूज थोडी वाढूनच राही. याला अमावास्या कारण, असे त्या म्हणत. त्यांच्या तरुणपणी एका डॉक्टरांनी 'याला औषध नाही' असे सांगितले होते. त्या दिवसापासून त्यांनी पायाकडे पाहणेच सोडले. पाणी लागून जखम चिघळेल या भीतीने तो धुणेही सोडले.

डॉक्टर खोटे बोलले नव्हते. असा पाय पूर्ववत करील असे औषध तेव्हा नव्हते, आजही नाही. परंतु 'औषध नाही' या वाक्याचा अर्थ काकूंनी 'करण्यासारखे काही नाही' असा घेतला, आणि तो त्यांनी तसाच घ्यावा असा सांगणाऱ्याचा सूर असला पाहिजे. या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत एका बाईची तीस वर्षे गेली.

आता वस्तुस्थिती पाहू. शरीरातील पेशींभोवती जो द्रव सतत पाझरतो, त्याचा राहिलेला अंश गोळा करून रक्तात परत पोहोचविण्याचे काम लसीकावाहिन्या करतात. क्युलेक्स जातीच्या डासामार्फत शिरलेले कृमी या वाहिन्यांत वर्षानुवर्षे मुक्काम करतात, वाहिन्या रुंदावून निकामी होतात आणि द्रव पायात साचतो. कृमी आणि डास यांचे हे नाते पॅट्रिक मॅन्सन याने १८७७ साली चीनमधील अमॉय बंदरी शोधून काढले. पण पुढची गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. सूज वर्षानुवर्षे वाढत जाते तिला मुख्यतः कृमी जबाबदार नसतात. द्रवाने तटतटलेल्या त्वचेची प्रतिकारशक्ती क्षीण होते, बोटांच्या बेचक्यांत चिरा पडतात, त्यांतून साधे जंतू आत शिरतात. तोच काकूंचा अमावास्येचा ताप. प्रत्येक ताप उरल्यासुरल्या वाहिन्यांची आणखी नासाडी करून जातो.

म्हणून यातील उपचार ऐकणाऱ्याला हसू येईल इतका साधा आहे. पाय रोज साबणाने व स्वच्छ पाण्याने धुवावा, बोटांमधली जागा टिपून कोरडी करावी, चिरांना मलम लावावे, निजताना पाय उंच ठेवावा, घोटा हलवीत राहावे. ब्राझील देशातील रेसिफे शहरी डॉ. जेरुसा ड्रेयर यांनी या साध्या क्रमाला शास्त्राची प्रतिष्ठा मिळवून दिली. मग तज्ज्ञाचे काम काय? पट्टी बोटांपासून वर बांधीत न्यावी, खाली दाब अधिक व वर कमी असावा, आणि ज्या पायाच्या रोहिण्याच अरुंद झाल्या आहेत त्याला घट्ट पट्टी बांधल्यास पाय गमावण्याची वेळ येते, म्हणून आधी पायाची नाडी पाहावी. हे ज्ञान साबणाच्या वडीबरोबर मिळत नाही. जुनाट जखमांच्या बाबतीतही हेच. कुष्ठरोग्यांचे मांसच कुजते, असा सर्वत्र समज होता. १९४६ साली वेल्लोरला आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखविले की, बधिर पाय दुखत नाही म्हणून रोगी जखमेवरच चालत राहतो. त्या पायाला प्लास्टर घालून विसावा दिला तर जखम भरते. ज्याला आपण मांसाचा दोष समजत होतो तो विसाव्याचा अभाव होता. असाध्यतेचा निकाल देताना आपण रोगाविषयी बोलतो की आपल्या निरीक्षणाच्या उणिवेविषयी, याची शंका येथे घ्यावीच लागते.

गंमत अशी की, टेकूची उपमा देणारा सुश्रुतच वर्षाहून जुने, फार मोठे, वारुळासारखे वाढलेले श्लीपद वैद्याने वर्ज्य करावे असे सांगतो. असाध्य रोग हाती घेणाऱ्या वैद्याच्या धनाची, विद्येची व यशाची हानी होते, असा चरकाचाही इशारा आहे. त्यांना दोष देण्याचे धाडस मी करीत नाही. बरे करणाऱ्याचे नाव होते, पाय धुणाऱ्याचे होत नाही, ही स्थिती आजही पालटलेली नाही.

आता खरा नैतिक प्रश्न. आपल्या देशात हत्तीरोग नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५५ पासून आहे. २००४ पासून रोगग्रस्त जिल्ह्यांत सरसकट सर्वांना औषध देण्याची मोहीम चालते. निर्मूलनाची मुदत आधी २०१५ ची होती, ती हुकत हुकत आता २०२७ वर आली आहे. निर्मूलन म्हणजे नव्या माणसांस लागण होणे थांबविणे. काकूंच्या रक्तात तर बहुधा कृमी उरलेही नव्हते. त्या या हिशोबात कोठेच बसत नाहीत. रोग्यांची शुश्रूषा हा कार्यक्रमाचा दुसरा भाग कागदावर आहे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण गोळ्यांचे वाटप थोड्या दिवसांत उरकते. पाय रोज सकाळी धुवावा लागतो.

उपयुक्ततावादी म्हणेल, एका जुन्या पायावर खर्चिलेल्या पैशात कित्येक मुलांचे पाय वाचतील. हा हिशोब मला खोडता येत नाही. पण त्याच्या मुळाशी जे गृहीत आहे ते मला मान्य नाही. जुन्या रोग्याची शुश्रूषा ही दया आहे आणि दया करावयाची तर ती अधिक लाभदायक ठिकाणी करावी, असे ते गृहीत आहे. क्युलेक्स डास तुंबलेल्या घाण पाण्यात वाढतो. आमच्या आळीतले उघडे गटार काकूंनी एकटीने तुंबविले नव्हते. त्यात आम्हा सर्वांचे सांडपाणी होते. डास मात्र कोणाला चावावा हे दैवाधीन होते. गावाने मिळून केलेल्या कर्जाची फेड एकाच घराच्या माथी पडली, तर बाकीच्यांनी हातभार लावणे याला दान म्हणत नाहीत. आणि ऋण फेडताना, हाच पैसा दुसऱ्याला दिला तर अधिक उपयोग होईल, असे सावकाराला कोणी सांगत नाही.

'स्वतःची निगा स्वतः राखा' या हल्लीच्या उपदेशाविषयी माझे मन अद्याप दुभंगलेले आहे. रेसिफेत रोग्यांनीच आशा-मंडळे काढली, एकमेकांना शिकविले, त्यातून त्यांची मान वर झाली. तेथे तो उपदेश स्वातंत्र्यदायी ठरला. परंतु ज्या घरी नळ नाही आणि ज्या म्हातारीला वाकून स्वतःच्या बोटांना हात पोचविता येत नाही, तिला साबणाची वडी देऊन निघून जाणे हे ऋणातून अंग काढून घेणेच होय.

काकूंच्या अखेरच्या दिवसांत आरोग्य केंद्रातील एक परिचारिका येऊन हा क्रम दाखवून गेली आणि माझी आई रोज सकाळी घमेले व फडके घेऊन त्यांच्याकडे जाऊ लागली. मी तेव्हा महाविद्यालयात होतो आणि मिल्लचे ग्रंथ नुकतेच वाचलेले होते. सुट्टीत घरी आलो असता आईबरोबर गेलो, पाय पाहिला आणि म्हणालो, "काकू, पाय तर तसाच आहे."

"पाय तसाच आहे रे," त्या म्हणाल्या, "पण पोळ्यापासून ताप नाही आला."

संक्रांत तेव्हा चार दिवसांवर आली होती.