घरी पोचलेला

या गोष्टीतली माणसं बिरवाडीत शोधू नयेत, सापडणार नाहीत. रस्ता मात्र खरा आहे. लग्नसराईत हळदीच्या रात्री त्यावरून मोटारसायकली कशा येतात, तेही खरं.

मे 2024. पुण्यात कल्याणीनगरला 19 तारखेच्या पहाटे पोर्शे गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले होते. चालवणारा 17 वर्षांचा, प्यायलेला होता असा आरोप. बाल न्याय मंडळाने जामीन देताना त्याला 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, आणि महाराष्ट्रातल्या बाकी कट्ट्यांसारखाच बिरवाडीचा कट्टाही पेटला. सगळ्यात जास्त सुऱ्या. "बापाचा पैसा आहे म्हणून निबंध. गरिबाचं पोर असतं तर?" प्रश्न रास्तच होता.

त्याच आठवड्यात सुऱ्या आणि त्याचा चुलतभाऊ विज्या पोलादपूरच्या अलीकडच्या एका वाडीत हळदीला गेले. दोघेही महाडच्या एमआयडीसीत कंत्राटी कामाला. मटण झालं, डीजे झाला, गोठ्यामागे बाटली झाली. एकच बाटली, एकाच ग्लासाच्या मापाने. बाराच्या सुमारास निघाले तेव्हा नवरदेवाचा मामा मांडवाच्या तोंडाशी उभा होता. विज्याला किल्ली भोकात बसवायला दोनदा लागलं, ते त्याने पाहिलं. "सावकाश जा रे," म्हणाला. आपल्याकडे एवढं म्हटलं की यजमानाची जबाबदारी संपते.

महामार्ग सोडून बिरवाडीच्या रस्त्याला लागल्यावर सुऱ्या पुढे होता. एका वळणावर हँडलला काहीतरी घासलं. कुत्रं असेल म्हणून तो थांबला नाही. घरी आला, बायकोने शिव्या दिल्या, झोपला.

विज्या त्याच वळणावर अर्ध्या मिनिटाने आला. दुसरी पाळी करून चालत घरी निघालेला एक म्हातारा वॉचमन त्याच्या गाडीखाली गेला. विज्या पळाला. मावशीच्या घरी माळ्यावर झोपला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पोलिसांत हजर झाला. तेव्हा कुठे रक्त घेतलं. कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम. तेवढ्याच रक्तातली शरीर तासाला साधारण 15 मिलिग्रॅम उतरवतं. बारा तासांत काय उरणार? अहवाल मर्यादेच्या आत आला.

गावकी देवळात बसली. सुऱ्याचा आवाज पुन्हा सगळ्यांत मोठा. "असला माणूस आपल्यात नको. वाळीत टाका. त्याच्या घरचं पाणीही बंद." माना डोलल्या. पोलीस पाटील खाकरले. वाळीत टाकण्याच्या सगळ्यात गाजलेल्या तक्रारी आपल्याच रायगडातून गेल्या, त्यापायी 2016 चा कायदा आला, आणि आता असं ठरवणाऱ्यालाच तीन वर्षं होऊ शकतात, हे त्यांनी शांतपणे सांगितलं. तशी बैठक एकदम दुसऱ्या टोकाला गेली. एक जाणता म्हणाला, "जाऊ द्या. कोण पीत नाय? आज त्याच्यावर आली, उद्या आपल्यावर. आपण कोण नावं ठेवणार? देव बघून घेईल."

हे ऐकायला फार मोठ्या मनाचं वाटतं. मला त्यात नेहमी स्वतःची सोय दिसते. पहिल्या ठरावाने बैठकीतल्या बाकीच्यांना धुऊन स्वच्छ केलं असतं आणि दुसऱ्यानेही तेच केलं असतं.

वॉचमनची बायको पायरीशी उभी होती. सगळे तिला काकी म्हणत. गावकीत बायका बोलत नाहीत, म्हणून तिला कोणी बसही म्हटलं नव्हतं.

"माफ करताय ते कुणाच्या पदरचं?" ती म्हणाली. "आणि पाणी बंद करून माझा माणूस येतो काय? त्याला सोडू नका. पण तो एकटाच होता काय त्या हळदीला?"

कोणी बोललं नाही. हळदीतला तो मामाही बैठकीला आला होता. त्याने चप्पल शोधायला सुरुवात केली.

सुऱ्या त्या रात्री जेवला नाही. तिसऱ्या दिवशी तो पोलीस ठाण्यात गेला आणि मीही तेवढीच प्यायलो होतो, मीही गाडी चालवली, असं हवालदाराला सांगून मोकळा झाला. हवालदार हसला नाही, हे त्याचं मोठेपण.

"त्या रात्री नाक्यावर सापडला असतास तर कलम 185. पहिल्या वेळेला सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दहा हजार दंड, नाहीतर दोन्ही. आज तुझ्या रक्तात काय आहे? काही नाही. घरी पोचलास ना? मग जा घरी."

तो काकीकडे गेला. खुंटीला नायलॉनची पिशवी टांगलेली होती, एक बंद तुटलेला. सुऱ्याने पिशवीकडे पाहिलं आणि बोलायचं ठरवलेलं सगळं विसरला. पाया पडायला वाकला तर काकी मागे सरली.

"माझ्याकडून बरं म्हणवून घ्यायला आलास? ते नाय व्हायचं. विज्याचा वकील म्हणतो, प्यायला होता याला पुरावा नाय, रस्त्यात अंधार होता, म्हातारा मध्ये आला. तू प्यायला शेजारी बसला होतास ना? मग ते सांग, कोर्टात सांग."

"काकी, भाऊ आहे माझा."

"म्हणूनच तुला विचारते."

घरात यावरून मोठी भांडणं झाली, ती सांगत बसत नाही. चुलता आजही बोलत नाही. सुऱ्याने जबाब दिला.

माणगावच्या सत्र न्यायालयात त्याची साक्ष निघाली तेव्हा विज्याच्या वकिलाने उलटतपासणीला फार वेळ घेतला नाही.

"तुम्ही किती प्यायला होता?"

"त्याच्याएवढीच."

"एकाच बाटलीतली?"

"हो."

"आणि त्याच रस्त्याने, त्याच अंधारात, गाडी चालवत घरी गेलात?"

"गेलो."

"काही झालं नाही?"

"नाही."

वकील न्यायाधीशांकडे वळला. "म्हणजे तेवढ्या दारूने माणसाचा गाडीवरचा ताबा जात नाही, असंच हा साक्षीदार सांगतोय."

सुऱ्याने कठड्याला धरलं.

"तसं नाय साहेब. मलाही तो माणूस दिसला नव्हता. माझं हँडल त्याच्या पिशवीला घासून गेलं, बंद तुटला. मला वाटलं कुत्रं. चार बोटं इकडे असतो तर आज तिथं मी उभा असतो, आणि विज्या इथं."