पट्टीवर कुणाचं नाव

बुंदेलखंडात झाशीहून मऊरानीपूरच्या रस्त्याला लागलं की वाटेत बरुआसागर येतं. ओरछ्याच्या उदितसिंह राजाने बांधलेला मोठा तलाव, आणि त्या परिसरात पिकणारी भाजी आणि आलं. आलं काढणं हे हलक्या हाताचं काम. कुदळीने माती सैल करायची, गड्डा उपसायचा, मग बोटं फटीफटीत घालून माती काढायची. साल खरचटली तर भाव पडतो. चिरलेल्या बोटांना रस झोंबतो तो वेगळाच. पोतं मंडईत जातं, आडत्या विक्रीच्या हिशेबाची पट्टी करतो, आणि पट्टीवर नाव लागतं ते घरातल्या पुरुषाचं.

त्या वाफ्यात शेजारी बसलेल्या दोघी डोळ्यांसमोर आणा. एक शेतमालकाच्या घरातली सून, दुसरी अहिरवार या दलित समाजाच्या वस्तीतून रोजाने आलेली. सुनेच्या राबण्याला मजुरी नाही, कारण ते 'घरचंच काम'. दुसरीला मजुरी आहे, पण पुरुषापेक्षा कमी. शिवाय तहान लागली की हंड्याला हात लावायचा की कुणी वरून ओतेल म्हणून ओंजळ धरायची, हे तिला आधी ताडावं लागतं. दोघी बायकाच, पण 'बायकांचे प्रश्न' एवढं म्हटलं की दुसरीची ती ओंजळ आपल्याला दिसेनाशी होते.

२०१५-१६च्या कृषिगणनेत देशातल्या शंभर वहितीधारकांमागे बायका होत्या जेमतेम चौदा. हा आकडा नुसता कागदावर राहत नाही. पीएम-किसानचे वर्षाचे ६००० रुपये जमीनधारक कुटुंबालाच मिळतात, पीककर्जालाही बँक आधी जमिनीचा कागद मागते. सुनेच्या घरात निदान तो कागद आहे, भले तिच्या नावावर नसेल. भूमिहीन दलित बाईच्या घरात तो कुणाच्याच नावावर नाही.

अब्रूचंही असंच. वरच्या जातीच्या बाईने घराबाहेर पडू नये, त्यात घराची अब्रू. दलित बाईला पोटासाठी बाहेर पडावंच लागतं, मग तिला अब्रूच नाही असं धरून चालायचं. बाहेर पडायची मोकळीक म्हणून जिचा कधी कधी हेवा केला जातो, तिच्या वाट्याला या मोकळिकीतून ना शाळा येते, ना दुकान, ना पंचायतीत निर्धास्त बोलणं. १८५५ साली 'ज्ञानोदय' नियतकालिकात मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिताना मांग समाजातल्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेने बाळंतपणात डोक्यावर छप्परही नसलेल्या बायकांबद्दल लिहिलं. जात आणि बाईपण तिने वेगळं काढलं नाही. तिला ते काढता येणारच नव्हतं.

आठवणींचंही असंच. झाशीजवळच्या भोजला गावची झलकारीबाई कोरी या दलित समाजातली. राणी लक्ष्मीबाईचा वेश करून ती इंग्रजांच्या छावणीत गेली, अशी लोककथा आहे. ती टपाल तिकिटावर यायला २००१ साल उजाडावं लागलं. आपण मराठी माणसं झाशीचं नाव किती अभिमानाने घेतो! त्या अभिमानात झलकारी कितीशी असते, हे मला स्वतःला विचारावंसं वाटतं.

आणि बुंदेलखंडाकडे बोट दाखवून मी मोकळा होऊ शकत नाही. आमच्या गावच्या शेताचा सातबारा परवा हातात घेतला. आत्याने हक्कसोडपत्र दिल्याची नोंद त्यात आहे. माहेर तुटू नये म्हणून तिने सही केली, आणि आम्ही भाच्यांनी तिच्या मनाच्या मोठेपणाचं कौतुक केलं. त्याच शेतात तीस वर्षं खुरपणीला येणारी एक बाई आहे. तिच्यापुढे सहीसाठी कागद ठेवायची वेळच कधी आली नाही, कारण सोडून द्यायला तिच्याकडे हक्कच नव्हता. आत्या अजून आहे. दिवाळीला गेलो की तिच्यापुढे तो सातबारा ठेवणार आहे. खुरपणीच्या बाईपुढे काय ठेवायचं, ते मात्र अजून सुचलेलं नाही.