जीर्णोद्धार कोणासाठीं?

दानांत आलेली जुनी शर्यतीची सायकल स्वयंसेवकानें दुरुस्त करावयाची, तर त्याची निष्ठा कोणाशीं असावी: वस्तूशीं, कीं ती चालविणाराशीं? १९८४ सालीं निघालेल्या ‘बाइक्स नॉट बॉम्ब्स’ या संस्थेनें अशा हजारों सायकली निकाराग्वादि देशांत धाडल्या. असल्या कामांत एखादे वेळीं ‘रेनल्ड्स ५३१’ ची फ्रेम हातीं येते. मँगनीज व मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाच्या या नळ्या बर्मिंगहॅमच्या कारखान्यानें १९३५ सालीं काढल्या. हलक्या, पण मजबूत. मग कारागिराचें मन मोहांत पडतें. रंग मूळचा हवा, पोलादी रिमाही मूळच्याच हव्यात! परंतु पावसांत भिजलेल्या पोलादी रिमेवर ब्रेक नीट धरत नाहीं. ॲल्युमिनियमच्या रिमेवर पुष्कळच बरा धरतो. फळ्या बदललेलें थीसियसचें जहाज तेंच कीं दुसरें, हा प्लुटार्कनें नोंदलेला वाद तत्त्वज्ञांस मोठा प्रिय. त्यांत जहाजांत बसणाराचें नांव मात्र कोणी घेत नाहीं. आमच्या मतें चाकें बदलावीं. जुनें जपण्याची हौस निंद्य नव्हे, पण ती स्वतःच्या सायकलीवर फेडावी. फ्रेम अवश्य राखावी. काढलेलीं चाकें एखाद्या शौकिनास विकून त्या पैशांत ब्रेकचीं नवीं रबरें घ्यावीं.