वाजवी

गेल्या वर्षी बंगळूरच्या एका रुग्णालयात आईच्या छातीचा सीटी स्कॅन होता. टेबलावर आडवी झाल्यावर तिची नजर छताकडे गेली. तिथे कॅमेरा होता. तिने शाल गळ्यापर्यंत ओढली. "फोटो काढतायत का गं?" तंत्रज्ञ कन्नड आणि मोडके हिंदी बोलणारा; शाल काढा, एवढेच त्याचे म्हणणे. मी सांगितले, "फोटो नाही आई, नुसतं माप घेतात." तिने शाल काढली.

अनुवाद हा माझा व्यवसाय. त्या वाक्याला मूळ नाही, हे मला बोलतानाच ठाऊक होते.

माप घेतात, हे खरेच. इन्फ्रारेड कॅमेरा शरीराचा उंचसखलपणा टिपतो आणि त्यावरून शरीराचा मध्य यंत्राच्या मध्यावर आणला जातो. एरवी तंत्रज्ञ हे नजरेने ठरवतो. त्यातली दोन-तीन सेंटिमीटरची चूकही निरुपद्रवी नसते. किरण सोडणाऱ्या नलिकेजवळ सरकलेले शरीर सुरुवातीच्या प्रतिमेत मोठे दिसते. यंत्र त्याला जाड समजून जास्त मात्रा देते. दूर गेलेले शरीर लहान दिसते, त्याला कमी मात्रा मिळते आणि प्रतिमा दाणेदार येते. जाड शाल असली तर कॅमेऱ्याला तीच शरीर वाटू शकते. तंत्रज्ञाचा हट्ट आईच्या भल्याचाच होता.

मात्रा किती कमी असावी? आंतरराष्ट्रीय किरणोत्सार संरक्षण आयोगाच्या शिफारशींत याचे उत्तर एका शब्दावर फिरत राहिले. आधी 'व्यवहार्य तितकी कमी', १९६६ मध्ये 'सहज साधेल तितकी', १९७३ मध्ये 'वाजवीपणे साधेल तितकी'. मराठीत आपण सरसकट 'शक्य तितकी कमी' म्हणून मोकळे होतो. पण शक्य तर शून्यही असते: स्कॅनच करू नये. मात्रा चौथाईवर आणली की प्रतिमेतला गोंगाट साधारण दुप्पट होतो, आणि शोधायची गाठ त्यात हरवली तर तेवढे किरणही फुकट गेले. 'वाजवी' म्हटले की तोलणे आले. आणि कोणी, कोणासाठी तोलले, हा प्रश्नही आला.

मी त्या दिवशी आईसाठी सत्याची मात्रा ठरवली. कॅमेऱ्यातले चित्र साठवतात का, ते कोण बघते, हे मी तंत्रज्ञाला विचारलेच नाही. बाहेर रांग होती, आई घाबरलेली होती. तिला एवढे पुरे, असे वाटले. कदाचित ते वाजवीही असेल. पण यंत्राने मात्रा ठरवण्यापूर्वी तिला मोजले होते. मी नजरेनेच अंदाज बांधला. आणि दुरून पाहिलेले माणूस लहान दिसते, त्याला कमी दिले जाते, हा नियम फक्त किरणांचा नाही. आईवडील म्हातारे झाले की आपण त्यांच्यापासून नकळत थोडे लांब उभे राहून बोलू लागतो.

परतताना रिक्षात तिने विचारले, "मापच होतं ना ते?"

"माप होतंच. फोटो ठेवतात का, ते मी विचारलं नाही."

ती थोडा वेळ बाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "विचारायचं होतंस. शाल मी काढलीच असती."