भीमगीत आणि भक्ती: वामनदादा कर्डकांच्या गाण्यातला धम्मप्रश्न

ज्या धम्माला तारणहार मान्य नाही, त्यात स्तुतिगीताला जागा कोणती, हा प्रश्न आंबेडकरी गायनपरंपरेत मुळापासून आहे. वामनदादा कर्डक यांच्या गीतांत तो सर्वांत ठळक दिसतो. दादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात, देशवंडी येथे झाला. मुंबईत कष्टाची कामे करताना ते मोठेपणी अक्षरे शिकले. १९४३ मध्ये विडंबनगीतापासून सुरुवात करून पुढे जन्मभर ते स्वतःच रचत आणि गावोगाव स्वतःच गात राहिले. १५ मे २००४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. भीमजयंतीच्या मंडपात त्यांची गाणी तोंडपाठ असतात. त्याबाहेरच्या मराठी रसिकाला मात्र ती फारशी ठाऊक नाहीत.

प्रश्नाला दोन बाजू आहेत. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात डॉ. आंबेडकर बुद्धाला मोक्षदाता न मानता मार्गदाता मानतात, आणि बुद्धाने आपल्या धम्मात स्वतःसाठी स्थान राखले नाही, असे सांगतात. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी राजकारणातील विभूतिपूजा अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा दिला. गाण्याविषयी पाली ग्रंथांतही सावधपणा आहे. अंगुत्तर निकायातील एका सुत्तात, लांबलचक आलापांनी धम्म गाणारा भिक्खू स्वतःच्या स्वरात गुंततो आणि ऐकणारेही गुंततात, हा दोष दाखवला आहे. याउलट दीघ निकायातील सक्कपञ्ह सुत्तात पञ्चशिख नावाचा गंधर्व वीणेवर प्रेमगीत गातो, त्यात बुद्ध आणि अर्हतांचीही नावे येतात, आणि बुद्ध त्याच्या गाण्याचे कौतुक करतो. तेव्हा आक्षेप गाण्याला नाही, गाण्यात हरवून जाण्याला आहे.

आंबेडकरी जलशाने, म्हणजे तमाशाच्या बाजात आंबेडकरी विचार मांडणाऱ्या प्रयोगाने, हा प्रश्न रंगमंचावरच हाताळला होता. तमाशाची सुरुवात गणपतीच्या गणाने होई, मग गवळण येई. जलसाकारांनी गवळण गाळली आणि गणाच्या जागी बाबासाहेबांचे गौरवगीत आणले. बाबासाहेबांनी बौद्ध धम्म स्वीकारताना अनुयायांना दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत गौरी-गणपतीची उपासना नाकारली गेली, त्याच्या कितीतरी आधीचा हा बदल आहे. पण देवाच्या जागी माणूस बसवला, तर देवपण त्या जागेलाच चिकटून राहते की काय, ही शंका उरतेच.

वामनदादांच्या काही गीतांत ही शंका खरी ठरते. बाबासाहेबांच्या जन्मामुळे कोट्यवधींचा उद्धार झाला, हा भाव तिथे संतपरंपरेच्या ओळखीच्या शब्दांत येतो, आणि ऐकणाऱ्याला हात जोडण्यापलीकडे काम उरत नाही. पण त्यांची गाजलेली अनेक गीते वेगळ्या वळणावर जातात. एका गीतात भीमाला, म्हणजे बाबासाहेबांना, उद्देशून सुरुवात होते आणि रोख अनुयायांकडे वळतो: तुझ्या मताची पाच माणसे जरी खरी निघाली असती, तर चळवळीचा रंग निराळा दिसला असता. इथे नाव भीमाचे आहे, झाडाझडती श्रोत्यांची आहे. दुसऱ्या एका गीतात ते थेट देशातल्या धनिकांची नावे घेऊन संपत्तीतला आपला वाटा मागतात. त्यात प्रार्थनेचा सूर नाही, हिशेबाचा आहे.

यावरून एक कसोटी हाती लागते. भक्ती आपला भार आराध्यावर टाकते. कृतज्ञता उपकार मान्य करते आणि पुढचे काम अंगावर घेते. बौद्ध साधनेतील बुद्धानुस्सती, म्हणजे बुद्धगुणांचे स्मरण, याच अर्थाने मान्य आहे: गुण आठवायचे ते आपल्यात यावेत म्हणून. या कसोटीवर भीमगीतांना सरसकट भक्तिगीते ठरवता येत नाही, आणि सगळीच भक्तीपासून मुक्त आहेत असेही म्हणता येत नाही. निवाडा एकेका गीताचा करावा लागतो, आणि तो करताना स्तुती किती आहे यापेक्षा शेवटी ऐकणाऱ्याकडे काही मागितले आहे का, हे पाहणे महत्त्वाचे ठरते.