कानाशी आलेला पांढरा केस

वाचक माउली, आधी आमचीच चूक सांगतो. बारा वर्षे आम्ही केसांना कलप लावीत होतो. मुखाने देहाचे नश्वरत्व सांगायचे, आणि घरी न्हाणीघराला कडी घालून वाटीत काळी पूड कालवायची! बुवा थकले म्हणून बोलावणी कमी होतील, ही धास्ती.

केस महिन्यास साधारण अर्धा इंच वाढतो. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरांच्या वाटेत कलपाला सवड कुठली? गेल्या आषाढीस वाखरीला पोहोचेतो फेट्याखाली कानाशी पांढरी रेघ उमटली. त्या रात्री कीर्तनात दशरथाचा प्रसंग निघाला. रघुवंशाच्या बाराव्या सर्गात कालिदास सांगतो, जरा पिकल्या केसाच्या मिषाने राजाच्या कानाशी आली आणि रामाला राज्य दे म्हणाली. जणू कैकेयी ऐकेल अशी तिला शंका! बोलता बोलता आमचा हात कानाकडे गेला. पुढे बसलेली म्हातारी म्हणाली, "बुवा, तुमच्याबी कानात बोलतिया की ती!" मंडप हसला, आम्हीही हसलो, पण पुढचे निरूपण काही केल्या सुचेना.

कलप लावणे पाप, असे आम्ही म्हणत नाही. पोटासाठी कुणाला लावावा लागतो, त्याला बोल कशाला? आम्ही मात्र त्या कुजबुजीपासून पळत होतो. घरी येताच पुडा टाकला. चार महिने डोके दुरंगी. नातवंडे कबरे आजोबा म्हणत. दोन बोलावणी खरेच गेली.

आमच्या मागे टाळ धरणारा एक पोरगा आता चांगला तयार झाला आहे. येत्या माघी एकादशीचे कीर्तन तो करील. आम्ही टाळ घेऊन मागे उभे राहू.