गोंदण भरून येताना

बाही दुमडा आणि हात मांडीवर उताणा ठेवा. बोटं सैल सोडा. मनगटाच्या चार बोटं वर नवं गोंदण आहे, असं धरून चालू या. तुमचं पाठीवर किंवा घोट्यावर असेल तर लक्ष तिकडे न्या, बाकी सगळं तेच राहील. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून या. गेल्या दोन दिवसांत या जागेचे फोटो पुष्कळ काढून झाले असतील.

आता नुसतं बघा. कुणी राजमुद्रा काढून घेतलेली असते, कुणी त्रिशूळ, कुणी आईच्या जुन्या चिठ्ठीतली अक्षरं जशीच्या तशी. काम संपलं तेव्हा आरशात ते लखलखीत दिसत होतं. आज रेषेच्या दोन्ही कडा लालसर आहेत, जागा किंचित फुगली आहे, वर चिकट ओल आहे. ‘बिघडलं का?’ हा प्रश्न मनात येईल. येऊ द्या. उत्तर शोधायला लगेच धावू नका, एक श्वास पूर्ण आत घ्या, पूर्ण सोडा आणि पुन्हा त्या जागेकडे या.

तुमच्या लेखी ते आईचं अक्षर आहे. त्वचेच्या लेखी ती जखम आहे. सुई एक-दोन मिलिमीटर आत जात होती, मिनिटाला हजारो वेळा, आणि दर वेळी थोडी शाई मागे ठेवत होती. शरीराला अक्षर वाचता येत नाही. खरचटलेल्या गुडघ्याकडे ते जसं रक्त धाडतं, तसंच इथंही धाडलं आहे, म्हणून ही जागा गरम लागते. ज्याला आपण मायेनं अंगावर घेतलं, त्यावर अंग मात्र उपचार करतं आहे. या दोन्ही गोष्टी एकाच हातावर, एकाच वेळी खऱ्या आहेत. थोडा वेळ इथंच थांबा.

आता उठा आणि बेसिनपाशी जा. हळूहळू. आधी आपले दोन्ही हात साबणानं स्वच्छ धुवा, नखांच्या कडांपर्यंत. कोमट पाणी गोंदणावर ओघळू द्या, थेट नळाची जोरदार धार नको. बिनवासाचा, सौम्य साबण बोटांच्या टोकांवर घेऊन अगदी हलके फिरवा. घासणी नको, नख नको. बोटाला कळेल की रेष जराशी वर उठलेली आहे. तिच्यावरून बोट नेताना वेग आपोआप कमी होतो. खाली जाणारं पाणी राखाडी दिसेल. जास्तीची शाई आणि जखमेतून झिरपलेला द्रव त्यात आहे. तो जाण्यासाठीच असतो, जाऊ द्या.

न्हाणीघरात टांगलेल्या पंचाला हात पुसू नका. त्यावर घरातल्या सगळ्यांचे हात लागलेले असतात. स्वच्छ कागदी रुमाल घ्या, जागेवर ठेवा, दाबा, उचला. पुसायचं नाही, फक्त टिपायचं. मग काही मिनिटं हवेवर कोरडं होऊ द्या. ही मिनिटं लांब वाटतील. काही करू नका.

त्यानंतर मलम, गोंदणाऱ्यानं सांगितलं असेल तेच, बोटाच्या टोकावर मावेल इतकं. इथं माया आड येते. जितकं जास्त लावू तितकी जास्त काळजी घेतली, असं वाटतं आणि जाड थर बसतो. त्याखाली ओल कोंडते, खपली मऊ पडते, जागा भरून यायला वेळ लागतो. म्हणून घेतलेल्या मलमातलं निम्मं परत काढा. उरलेलं असं पसरा की त्वचा नुसती तुकतुकीत दिसेल. प्रेम राखून ठेवायचा हा सराव रोज दोन-तीनदा करायचा आहे.

घरात वडीलधारी बाई असेल तर ती हळद आणि तेलाची वाटी घेऊन येईल. तिचा हात नीट बघा. आपल्याकडे गोंदणाऱ्या बायका गावोगाव, जत्रेतून फिरायच्या. कपाळावर, हनुवटीवर ठिपका, हातावर तुळस, नवऱ्याचं किंवा देवाचं नाव. काजळी त्वचेखाली जायची आणि वरून हळद चोळली जायची. मेल्यावर दागिने इथंच राहतात, गोंदण तेवढं बरोबर येतं, असं या बायका मानत. त्या विश्वासाला मी मान देते. तरीही उघड्या जखमेवर स्वयंपाकघरातली हळद लावू नका, ती निर्जंतुक नसते. ‘आजी, पूर्ण भरून आलं की तुझ्या हातानं तेल लाव,’ असं सांगा आणि तिच्या गोंदणावर बोट ठेवून विचारा, ते काढलं तेव्हा किती दुखलं होतं. त्या काळी एकच सुई एका हातावरून दुसऱ्या हातावर जायची. अशा सुईतून हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही पसरू शकतात हे आज आपल्याला माहीत आहे. म्हणून सुईचं पाकीट आपल्यासमोर फोडायला लावणं हीसुद्धा काळजीच, फक्त ती आधी घ्यायची.

काही दिवसांनी पुन्हा असंच बसा. चौथ्या-पाचव्या दिवसापासून खाज सुटू लागते, आणि या सगळ्यात मनाची कसोटी तिथंच लागते. डोळे मिटा. खाज कुठून निघते आहे? रेषेच्या मधून की कडेवरून? एका जागी थांबते की सरकते? दुसरा हात उचलला जातो आहे, ते बघा. तुम्ही ठरवायच्या आधीच तो निघालेला असतो. त्याला अर्ध्या वाटेत ओळखा आणि परत मांडीवर ठेवा. रागावू नका, तो मदतीलाच निघाला होता. आता खाज वाढू द्या. ‘आता सहनच होणार नाही’ असं वाटेपर्यंत ती चढते, आणि बहुतेक वेळा तिथूनच उतरायला लागते. ते उतरणं एकदा पूर्ण बघा. खाजवून संपवलेली खाज आपल्याला हे कधीच दाखवत नाही. अगदीच असह्य झालं तर धुतलेला तळवा त्या जागेवर नुसता टेकवा. आज रात्री झोपण्याआधी नखं कापा, कारण झोपेतल्या हाताला आपण काही सांगू शकत नाही.

डोळे उघडा. एखाद्या अक्षराच्या वळणावर पापुद्रा सुटलेला दिसेल. काळा, पातळ, एका टोकाला अजून चिकटलेला. फुंकर घातली तर हलेल. शाईच निघून चालली, असं वाटून काळजात धस्स होतं. पण तो वरच्या त्वचेचा मेलेला थर आहे, त्यात अडकलेली शाई थोडीशीच. खरी शाई त्याच्या खाली, आतल्या त्वचेत आहे. तो पापुद्रा ओढला तर खालचं, अजून न बसलेलं, त्याच्याबरोबर उपटून येतं आणि रेषेत फटफटीत जागा राहते. चिमटीत धरायची इच्छा होईल. ती इच्छा बघा आणि बोटं उघडी ठेवा. पापुद्रा आपण होऊन चादरीवर पडेल.

आता लक्ष आणखी आत न्या. शाईचे कण परके आहेत म्हणून मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी येतात आणि ते गिळतात. काही कण लसिकाग्रंथींपर्यंतही पोचतात. पण बरेचसे कण मोठे असतात, ते पेशीला पचवता येत नाहीत, हलवता येत नाहीत, म्हणून ती ते पोटात घेऊन तिथंच राहते. ती पेशी मेल्यावर काय होतं? फ्रान्समधल्या मार्सेय इथल्या संशोधकांनी 2018 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगातून दाखवलं की मरणारी पेशी शाई सोडते आणि त्याच जागी आलेली नवी पेशी ती पुन्हा गिळते. वारीत पालखीचा खांदा बदलतो, पालखी खाली टेकत नाही. तुमचं अक्षर असं पेशीपेशींतून पुढे जाणार आहे. ज्या पेशींनी आज ते धरलं आहे त्यांतली एकही कदाचित तुमच्या म्हातारपणी नसेल, अक्षर असेल. यावर जितका वेळ राहता येईल तितका राहा. मला या सगळ्यात याहून मोठं काही दिसत नाही.

आल्प्समध्ये, ऑस्ट्रिया आणि इटलीच्या सीमेवर, 1991 मध्ये बर्फात एका माणसाचं शरीर सापडलं. त्याला ओट्झी म्हणतात. तो सुमारे 5,300 वर्षांपूर्वीचा. त्याच्या अंगावर 61 खुणा आहेत, काजळीच्या, साध्या रेघा, बऱ्याचशा कंबर, गुडघा, घोटा अशा दुखणाऱ्या सांध्यांजवळ. त्याच्याही त्वचेनं कधीतरी हेच सगळं केलं असणार, लालसर होणं, खाजणं, पापुद्रे टाकणं.

बाकीचे नियम थोडक्यात. जागा पूर्ण भरून येईपर्यंत तलाव, नदी, समुद्र नको. विसर्जनाचे दिवस असतील तर काठावरून हात जोडा. पावसात बाही भिजली तर घरी पोचल्याबरोबर बदला. लोकलच्या गर्दीत तो हात आतल्या बाजूला ठेवा. सैल, सुती कपडा. ऊन लागू देऊ नका, आणि सनस्क्रीन त्वचा मिटल्यावरच, मग मात्र कायम, कारण उन्हानं रेष फिकी पडते. दोन-तीन आठवड्यांत वरची त्वचा मिटते आणि काही काळ धुरकट, चकचकीत दिसते. आतलं काम त्यानंतरही काही महिने चालू असतं.

एका ठिकाणी मात्र हे मनन सोडून उठायचं. दिवसागणिक कमी व्हायचा तो लालपणा पसरत चालला, ठणका वाढला, पू आला, वास येऊ लागला, ताप भरला किंवा हातावरून वर जाणारी लाल रेघ दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टर. ज्यांनी घरच्यांपासून लपवून गोंदवून घेतलं आहे त्यांना मी हे कळवळून सांगते. तुम्ही लांब बाह्यांत वावरता, अंघोळीला दार लावून घेता, दुखलं तरी बोलत नाही. घरातला ओरडा दोन दिवसांत विरतो. पसरलेला जंतुसंसर्ग तसा विरत नाही. आईला हात दाखवा, नाहीतर मैत्रिणीला घेऊन दवाखान्यात जा, पण जा.

हात पुन्हा मांडीवर घ्या. आज कितवा दिवस ते आठवा आणि गोंदवून घेतल्याची तारीख कॅलेंडरवर लिहा. तिथून 12 महिने आपल्याकडे रक्तदान करता येत नाही, सुईतून आलेला संसर्ग दुसऱ्यापर्यंत जाऊ नये म्हणून. तोवर कुणी शिबिराला बोलावलं तर गोंदणाचं स्पष्ट सांगा. वर्षानंतरच्या त्याच तारखेवरही एक खूण करा आणि पुढे रक्तपेढीचं नाव लिहून ठेवा. आता बाही खाली घ्या, सैलच.